काया इनू?

आफ्रिकेतल्या मलावी देशात, ब्लांटायर शहरात उतरले तेव्हा माझ्या बॅगेत एकही स्वेटर नव्हता. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, दोन किलो मेतकूट, सगळं काही होतं, पण गरम कपडा नव्हता. मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे जुलैत तिथे हिवाळा असणार, हा विचार मिरजेत बॅग भरताना मनात आलाच नाही. २०२२च्या जुलैत मुंबईहून अदिस अबाबामार्गे चिलेका विमानतळावर उतरले, तर समोर धुकं आणि बोचरी भुरभुर. शहर हजार मीटर उंचीवर आहे. भोवती न्डिरांडे, सोचे, मिचिरू असे डोंगर. जून-जुलैत मोझांबिकच्या बाजूनं धुकं येतं आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस शहरावर बसून राहतं. या हवेला इथे ‘चिपेरोनी’ म्हणतात. सीमेपलीकडच्या एका डोंगराचं हे नाव. आपल्या महाबळेश्वरचा ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

दुसऱ्या दिवशी घरातली सहनिवासी मला ‘काउंजिका’त घेऊन गेली. ती मूळची केनियाची, प्रयोगशाळेत काम करणारी. काउंजिका म्हणजे परदेशांतून गाठोड्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांचा बाजार. तिथे घेतलेला करडा स्वेटर मी पुढे अकरा महिने वापरला.

थंडीचं इतकं सांगते, कारण माझं कामच थंडीशी होतं. मी नवजात बाळांची नर्स. सांगली जिल्ह्यात बारा वर्षं एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, काढलेली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं मला ब्लांटायरच्या एका सरकारी रुग्णालयात नवजात विभागात पाठवलं होतं. देशांची पहिली मोठी तुलना २०१०च्या आकड्यांवरून झाली, तेव्हा मुदतपूर्व बाळंतपणाचं प्रमाण मलावीत जगात सर्वांत जास्त निघालं होतं, शंभरात अठरा. हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला चिपेरोनीच्या पहाटे ऊब देणं हे तिथलं पहिलं औषध. काचेच्या पेट्या थोड्या आणि वीज बेभरवशाची, त्यामुळे आईची छातीच बाळाची पेटी. कांगारू पद्धत मी मिरजेतही केली होती, पण तिथे ती पूरक होती. इथे सगळी भिस्त तिच्यावर. दोन मीटरचं छापील सुती कापड, चितेंजे, आई एरवी बाळाला पाठीला बांधायला वापरते. तेच पुढून घट्ट गुंडाळून बाळ उघड्या छातीशी धरायचं, डोक्याला लोकरीची टोपी घालायची.

पहिल्याच सोमवारी मी चुकले. आधीच्या पाळीकडून ओव्हर, म्हणजे कामाचा ताबा, घेतली आणि कोपऱ्यातल्या एका बाळाचे पाय गार लागताहेत असं दिसल्याबरोबर सरळ त्या आईच्या खाटेपाशी गेले. चितेंजे सोडलं, बाळ नीट उभं धरून पुन्हा बांधलं, थर्मामीटर लावला. हात सफाईनं चालले होते. आई मात्र माझ्याकडे बघेना. तिनं मान भिंतीकडे वळवली आणि मी काय सांगतेय ते दुभाष्याचं काम करणाऱ्या मुलीकडूनसुद्धा ऐकून घेईना. मला वाटलं, दमली असेल.

इनचार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं. पन्नाशीच्या, शांत बाई. म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही सकाळपासून या खोलीत कुणालाच नमस्कार केलेला नाही.”

चिचेवा भाषेत सकाळचा नमस्कार म्हणजे प्रश्न असतो. “म्वाद्झुका ब्वांजी?” म्हणजे कसे उठलात? समोरचा म्हणतो, “न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?” म्हणजे बरी उठले, आणि तुम्ही? मग पहिल्यानं आपलं उत्तर द्यायचं, ‘झिकोमो’ म्हणायचं, दुसऱ्यानंही ‘झिकोमो’ म्हणायचं. एवढं झाल्यावर कामाचं बोलणं. ‘काया इनू?’ न विचारता पुढे गेलं, तर नमस्कार अर्धाच राहतो. आजारी माणूसही “बरी उठले” असंच म्हणतो, दुखण्याचं नंतर सांगतो. अठरा खाटा, अठरा आया, प्रत्येकीसोबत सासू किंवा बहीण. माझ्या मनात लगेच हिशेब झाला की यात वीस मिनिटं जाणार. तो हिशेब मी बोलूनही दाखवला. सिस्टर म्हणाल्या, “वीस मिनिटं लागू द्यात. त्यानंतरचे आठ तास त्या तुमचं ऐकतील.” ते तसंच झालं. दोन आठवड्यांत मला कळलं की नमस्कार करत खाटांवरून जाताना, आवाजावरून आणि बसण्यावरून, कुठल्या आईनं रात्रभर बाळ सोडून ठेवलं होतं ते थर्मामीटरच्या आधी समजतं.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाला तिथे एक गोष्ट आयती मिळते. चिचेवात ‘इवे’ म्हणजे तू आणि ‘इनू’ म्हणजे तुम्ही. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसांना, पेशंटला ‘इनू’. वयाच्या बाईला अमाई, आजी-आजोबांना अगोगो. काही देताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताचा त्याला आधार. बायका मोठ्या माणसांशी बोलताना गुडघ्यात जरा वाकतात. इंग्रजी भाषक सहकाऱ्यांना हे पाठ करावं लागायचं. मला आजोळ आठवायचं. आजोबांना ‘अहो’ म्हणायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, तसंच हेही अंगवळणी पडलं.

त्या पहिल्या दिवशी इनचार्ज सिस्टरनी आणखी एक विचारलं होतं, “आमच्याकडे किती दिवस आहात?” मी अकरा महिने म्हटल्यावर त्यांनी ड्युटी चार्टवर माझं नाव पेन्सिलीनं लिहिलं. हाच प्रश्न पुढे घरमालकीणबाईंनी विचारला, टोमॅटोवालीनं विचारला, रात्रीच्या रखवालदार आजोबांनीही विचारला. आधी मला ते साधं कुतूहल वाटलं. हळूहळू वॉर्डातल्या एका तरुण नर्सनं सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या नोकरीत तिनं बाहेरच्या तीसेक लोकांना औषधांचं कपाट कुठे आहे ते दाखवलं होतं. कुणी दोन आठवड्यांसाठी आलं, कुणी सहा. प्रत्येकाला शिकवायचं तिनं, तिच्या ड्युटीच्या वेळात, आणि तो कामाचा होईस्तोवर त्याचं परतीचं विमान. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र ते फार लागलं. माझं मत तेव्हाच बनलं आणि आजही तेच आहे. शस्त्रक्रिया करायला किंवा एखादं यंत्र शिकवायला थोड्या दिवसांसाठी जाणं समजू शकतं. वॉर्डातलं नर्सिंग करायला सहा महिन्यांच्या आत कुणी जाऊ नये. आपल्याला अनुभव मिळतो, पण त्याचे तास तिथली नर्स भरते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कामाचा परवाना आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी सुरू करा, पदवीच्या प्रती साक्षांकित करून दुप्पट न्या. त्या पहिल्या सोमवारनंतर नोंदणी येईपर्यंत मी फक्त पाहत होते, टोप्या आणि चितेंजे धुऊन वाळत घालत होते, आणि चिचेवा शिकत होते. ते आठवडे वाया गेले असं मला तेव्हा वाटलं. त्याच आठवड्यांत म्वाना म्हणजे बाळ, मकाका म्हणजे दूध, माद्झी म्हणजे पाणी, मागेत्सी म्हणजे वीज हे शब्द कानावर बसले. ‘पुमानी’ म्हणजे श्वास घ्या. बाळांच्या श्वासासाठी हवेचे बुडबुडे वापरणारं जे साधं, स्वस्त यंत्र अमेरिकेतल्या राइस विद्यापीठानं ब्लांटायरच्या डॉक्टरांसोबत तयार केलं, त्याचं नाव हेच आहे. आयांना ते समजावून सांगावं लागत नाही, नावातच सगळं आलं.

वॉर्डातली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे हेल्थ पासपोर्ट. आपल्याकडे केसपेपर रुग्णालयात राहतो आणि पुढच्या वेळी सापडत नाही. मलावीत प्रत्येक माणसाकडे स्वतःची छोटी वही असते. लस, वजन, मलेरिया, बाळंतपण, सगळं त्यात लिहायचं आणि वही पेशंटनंच घरी न्यायची. बायका ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून चितेंजेच्या गाठीत जपतात. पावसात भिजून आलेल्या बाईची वही कोरडी असायची. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत, पण येण्याजाण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाचं जेवण यातच घर रिकामं होतं. सोबतची माणसं आवारातच स्वयंपाक करतात, कपडे धुतात, पेशंटला भरवतात. आपल्या सिव्हिलच्या व्हरांड्यात चटई टाकून पडलेली माणसं आणि ही माणसं यांत मला कधी अंतर वाटलं नाही.

घर सनीसाइड भागात होतं. तिथे पहिले दोन महिने माझा सगळा जीव पाणी आणि वीज यांत अडकलेला असायचा. कारण समजल्यावर चिडचिड कमी झाली. ब्लांटायरचं बरंचसं पाणी शिरे नदीवरून येतं. वॉकर्स फेरी या ठिकाणी उचलायचं आणि सुमारे आठशे मीटर वर चढवून शहरात आणायचं. त्याला प्रचंड वीज लागते, आणि देशाची बहुतेक वीज त्याच शिरे नदीवर न्कुला, तेद्झानी, कापिचिरा इथे तयार होते. जानेवारी २०२२मध्ये अ‍ॅना वादळात कापिचिराचं धरण फुटलं आणि देशाची जवळपास एक तृतीयांश वीज गेली. मी पोचले तेव्हा ते बंदच होतं. म्हणजे वीज गेली की थोड्या वेळानं नळही कोरडा. मग मी गावाकडची सवय पुन्हा लावली. पाणी आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग बादल्या, मग अंघोळ. दिव्यावर अभ्यास, आणि कोळशाच्या शेगडीवर भात.

वॉर्डात वीज जायची तेव्हा मात्र सवय उपयोगी पडत नसे. कुणीतरी म्हणायचं, “मागेत्सी आझिमा,” आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा घरघर आवाज थांबायचा. जनरेटर सुरू होईपर्यंतची ती मिनिटं. ज्या बाळाचा श्वास थांबेल त्याला अंबू बॅगनं हातानं श्वास द्यायचा. ऑगस्टातल्या एका रात्री दोन बाळं एकाच वेळी आणि आम्ही दोघीच. दुसरी नर्स एका हातानं बॅग दाबत होती आणि हलक्या आवाजात स्तोत्र म्हणत होती. एक बाळ राहिलं, एक गेलं. बाळ गेल्यावर ती आईजवळ खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, “पेपानी, अमाई.” पेपानी म्हणजे क्षमाही आणि सांत्वनही. रस्त्यात तुम्हाला ठेच लागली तरी अनोळखी माणूस ‘पेपानी’ म्हणतो. मीही शेजारी बसले. अशा वेळी म्हणायला माझ्याकडे तेवढाच शब्द होता, आणि तो पुरला.

बाजारात मी लिंबेला जायचे. लिंबे हे ब्लांटायरचं जुळं गाव, मिनीबसनं वीस मिनिटं, गर्दी असली तर पाऊण तास. मिनीबस भरेपर्यंत हलत नाही. आपल्या वडापला सवय झालेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मंडईत टोमॅटो आणि कांदे वजनावर नाही, वाट्यावर. लिंबेत गुजराती दुकानं पिढ्यान्पिढ्यांची आहेत. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष कामुझू बांडा यांच्या राजवटीत, १९७०च्या दशकात, खेड्यांतल्या आशियाई दुकानदारांना मोठ्या शहरांत यावं लागलं, त्यातले बरेच इथे स्थिरावले. भारतीय माणसाला चिचेवात अम्वेन्ये म्हणतात. मला बघितलं की पेशंटच्या नातेवाइकांना आधी वाटायचं, ही दुकानातल्या मालकाची बायको रुग्णालयात काय करते? त्यात एक अंतर होतं, जुनं, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यातलं, आणि ते माझ्या वाट्याला आलं होतं. ते शब्दांनी मिटवता येणारं नव्हतं. जमिनीवर शेजारी बसूनच ते कमी झालं.

त्या बाजारात एक बाई गोणीतून दाणे मोजून देत होती. जवळ गेले तर तूर! अख्खी, लाल-करडी. ती म्हणाली, “नान्डोलो.” दक्षिण मलावीत शेताशेतात मक्यात नान्डोलो असते. वॉर्डातल्या आयांना सांगितलं की आमच्याकडे रोजच्या जेवणात ही असते, तर एकजण म्हणाली, ठाऊक आहे, आमचा भाव तुमच्यावरच ठरतो. तिचं खरं होतं. २०१७मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर बंधन घातलं आणि इथले भाव कोसळले. पुढे २०२१मध्ये दोन्ही देशांत करार झाला, वर्षाला ५० हजार टन तूर भारत घेणार. मिरजेत माझ्या आईच्या डब्यात असलेली डाळ कुणाच्या शेतातली, हे मला तोवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या आईच्या घरात तूर अजून गोणीतच होती, मला तिनं किलोचा भाव विचारला आणि मला तो सांगताना संकोच झाला.

जेवणाची फार ओढाताण झाली नाही. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हातानं गोळा करून कालवणाला लावायची. भोपळ्याच्या पानांची भाजी, न्ख्वानी, ती शेंगदाण्याचा कूट घालून करतात. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोब्वा म्हणून मक्याचं आंबूस-गोड पेय मिळतं, ते आपल्या आंबिलीचं भावंड. इतर सहकारी युरोपी दुकान शोधत असायचे, मी रुग्णालयाच्या फाटकासमोर नर्सेसबरोबर जेवायचे. ऑक्टोबरच्या ड्युटी चार्टवर माझं नाव पेनानं लिहिलेलं होतं. कुणी काही बोललं नाही.

जानेवारी २०२३मध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, शहरात पसरली. साथ आदल्या मार्चपासून देशात होती, पण पावसाळ्यात ती ब्लांटायर आणि राजधानी लिलाँग्वेत अशी वाढली की शाळा उघडणं पुढे ढकलावं लागलं. त्या साथीत देशभरात १,७०० हून अधिक माणसं गेली. आमच्या विभागाच्या दारात तोटीची बादली आणि क्लोरीनचं पाणी ठेवलं. हस्तांदोलन बंद झालं. ज्या ठिकाणी हात हातात घेऊन चौकशी करायची रीत, तिथे लोक छातीवर हात ठेवून वाकू लागले. प्रश्न मात्र तेच राहिले, उत्तरंही तीच.

आणि मग मार्च. फ्रेडी नावाचं चक्रीवादळ फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलं, अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलं, मोझांबिकवर आदळून समुद्रात परत गेलं आणि पुन्हा आलं. १२ मार्चच्या रात्री पाऊस सुरू झाला, तो थांबेचना. सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत पडला असं नंतर सांगितलं गेलं. सोचे डोंगराचा उतार दगडमातीसकट पायथ्याच्या चिलोब्वे वस्तीवर आला. झोपेतली घरं गेली. देशात सहाशेहून अधिक मृतदेह मिळाले, कित्येक माणसं मिळालीच नाहीत.

सोमवारी सकाळी मिनीबस नव्हत्या. मी चालत गेले. रात्रपाळीच्या सिस्टर घरी जाऊ शकल्या नव्हत्या, दिवसपाळीच्या येऊ शकल्या नव्हत्या. जे होते त्यांनी तीन दिवस ओढलं. चिखलानं माखलेल्या बायका बाळंतपणाला येत होत्या, त्यांच्याजवळ वही नव्हती, चितेंजे नव्हतं. आम्ही पडदे फाडून बाळं बांधली.

आमच्यातली एक नर्स चिलोब्वेची. तीन दिवस तिचा पत्ता नव्हता. गुरुवारी सकाळी ती दारात उभी राहिली, कुणाच्या तरी मोठ्या चपला घालून. मी धावत गेले आणि तोंडून सवयीनं निघालं, “म्वाद्झुका ब्वांजी?” म्हणताक्षणी मला वाटलं, हे काय विचारलं मी. ती थांबली. म्हणाली, “न्दाद्झुका ब्विनो. काया इनू?” मी म्हटलं, बरी उठले. तिनं ‘झिकोमो’ म्हटलं, मी ‘झिकोमो’ म्हटलं. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं सांगितलं की घर नाही, धाकटा भाऊ नाही. “पेपानी,” मी म्हटलं. वॉर्डातल्या आया एकेक करून उठून आल्या, बाळं छातीला बांधलेलीच, आणि तिच्याभोवती जमिनीवर बसल्या. दुपारी ती ड्युटीवर उभी राहिली. मी तिला घरी जा म्हणणार होते. इनचार्ज सिस्टरनी मला खुणेनं गप्प केलं. तिला जायला घर नव्हतं.

मेच्या अखेरीस धुकं पुन्हा उतरू लागलं. आम्ही थंडीची तयारी लवकर केली. न्डिरांडेच्या काही आज्यांनी टोप्या विणून दिल्या, पडद्यांच्या जागी नवे पडदे आले, आणि पहाटे पाचला प्रत्येक बाळाचं तापमान मोजायची वही सुरू झाली. माझी जायची तारीख पंधरा दिवसांवर होती. त्या पहाटे सातव्या खाटेवर एक अगोगो बसली होती. सुनेचं सिझेरियन झालेलं, ती दुसऱ्या वॉर्डात. बाराशे ऐंशी ग्रॅमची नात आजीनं स्वतःच्या छातीला बांधली होती, वरून चिपेरोनीचं घोंगडं. मी गुडघ्यात वाकून विचारलं, कसे उठलात? ती म्हणाली, झोपलेच नाही, हिला सोडलं नाही. आणि मग रीतीप्रमाणे म्हणाली, “काया इनू?” मी उत्तर दिलं, घोंगडं जरा बाजूला केलं, काखेत थर्मामीटर लावला. ३६.८. तिच्या वहीत लिहिलं आणि आठव्या खाटेकडे गेले.